आनंदा ड्रायव्हरचा आळणी डबा

तुम्ही विसरलात.

न्हाई म्हणू नका. फोन वाजल्याशिवाय तुम्हाला सख्ख्या बहिणीचा वाढदिवस आठवत नाही, आनंदा ड्रायव्हर कुठला आठवायला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

मी बोलतेय, नात गावाच्या ग्रुपवर टाईप करतेय. मला अक्षर येत नाही, म्हणून तिच्याकडून दोनदा वाचून घेणार. पदरचं घालायची सवय आहे तिला.

तर माझी सून संगीता मेढ्याच्या यष्टीत कंडक्टर. आनंदा तिच्या गाडीचा ड्रायव्हर.

काही वर्षांमागं चालत्या गाडीत तिकिटं देता देता ती कोसळली. हृदयच बंद पडलं. आनंदानं गाडी कडेला घेतली, तिला मधल्या वाटेत आडवी केली आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिची छाती दाबत राहिला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जीव वाचलाय, पण बरगड्या मोडल्यात.

मी विचारलं, कुणी मोडल्या?

आनंदानं हात वर केला. शाळेतल्या पोरासारखा.

तेव्हापासून माझी नजर त्याच्यावर.

डॉक्टरांनी समजावलं, मोडल्या म्हणून तर जगली. मी मान डोलावली. पटलं असं कुठं म्हटलं?

मग साताऱ्याला रिहॅब सुरू झालं. मशीनच्या पट्ट्यावर चालायचं. पट्टा पळतो, माणूस तिथंच. मला त्यातही काळंबेरं वाटलं. चालायचंच होतं तर आमच्या मेढ्याचे चढ काय वाईट होते?

संगी मात्र चालली.

"आत्या, मला टेबलावर न्हाई बसायचं. मला गाडीवर जायचंय."

आणि गाडीवर पुन्हा पडली तर? पोरगा माझा मिलिटरीत, लांब. घरात मी आणि ही टाईप करणारी.

आधी तिला डेपोत बसून काम दिलं. डॉक्टरांनी मीठ तोडलेलं, म्हणून मी आळणी डबा करून द्यायची. घरी तीच भाजी ती दोन घासांत बाजूला सारायची. डेपोतनं डबा मात्र चाटूनपुसून यायचा.

तिथं शेजारी जेवायला कोण? आनंदा.

त्याच्या बायकोच्या हातचा लसणाचा खर्डा आख्ख्या डेपोत नावाजलेला. मी काय समजायचं ते समजले.

म्हणून ज्या दिवशी संगी पहिल्यांदा परत गाडीवर गेली, त्या दिवशी मीही चढले. महाबळेश्वरची गाडी. मागची सीट, पदर पुढं ओढलेला.

गाडी भरली. इंजिन चालू. आनंदा समोर बघत बसलेला.

संगीनं घंटीची दोरी धरली. ओढेना.

लोक कुरकुरायला लागले. एकजण म्हणाला, ओ ड्रायव्हर, काढा की गाडी.

आनंदानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"डबल बेल पडल्याबिगर गाडी हलत न्हाई."

काय माणूस आहे. बाईला दोरी ओढवेना आणि ह्याला नियम सुचतोय. मी उठणार, एवढ्यात

टण टण.

गाडी हलली.

केळघर यायच्या आत संगी एकाशी पोत्याच्या तिकिटावरून कडाकडा भांडली. तेव्हा कुठं मी पदर मागं घेतला.

पण डब्याचा संशय होताच.

वर पोचल्यावर दोघं जेवायला बसली. मी सरळ जाऊन आनंदाच्या डब्याचं झाकण उचललं. खर्डा नाही. भाजी बोटानं चाखली.

आळणी.

"तुला काय झालंय रं?"

"मला काय न्हाई, मावशी. ताईला एकटीला गिळत न्हाई. म्हणून बायकोला सांगितलंय, माझंबी बिनमिठाचं कर."

मी म्हटलं, उद्या परत येऊन बघणार.

"या की. पुढची सीट धरून ठेवतो."

मी गेले. एकदा नाही, लय वेळा. न सांगता पण गेले.

दर वेळी आळणी.

पुढं तो पोटाच्या दुखण्यानं गेला. संगी अजून गाडीवर आहे. नवा ड्रायव्हर जरा घाईचा वाटतो. बेल ऐकून गाडी काढतो का, माझं लक्ष आहे.

आनंदा, नीघ बाबा आता. डबल बेल दिली.

आणि तुम्ही, फोनवर फुलांचे फोटो पाठवत बसू नका. आज त्याच्या घरी त्याच्या नावानं पान वाढतील. ज्याला जमेल त्यानं नाचणीची भाकरी आणि लसणाचा खर्डा पाठवा.

मीठ हात राखून घालू नका.