चादर उचलण्यापुरतं बळ

वत्सलावहिनी गेल्याची बातमी समोरच्याच दारातून आली, तरी माझ्यापर्यंत पोचायला तिला वेळ लागला. आमच्या कोपरखैरण्याच्या इमारतीत आजारी म्हणून धरले होते ते त्यांचे यजमान, दामूदादा. त्यामुळे आधी कोण जाणार, हे आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं... वहिनी सकाळी चहा गाळता गाळता गेल्या.

दामूदादा पावणे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू आणि वाचा नेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वहिनी दर दोन-तीन तासांनी त्यांची कूस बदलायच्या. सकाळ-संध्याकाळ त्यांना चादरीसकट उशीकडे सरकवायचं असे, तेव्हा चादरीच्या दुसऱ्या बाजूला मी. सोसायटीने त्यांच्यासाठी महायज्ञ सुचवला; मांडव, भोंगा आणि देणगीदारांच्या फलकासकट. वहिनी म्हणाल्या, "भोंगा कशाला? देव बहिरा नाही, आणि यांची झोपमोड होते."

देवाशी माझं फारसं जाणं-येणं नाही. पहिल्या दिवशी मी "एक, दोन, तीन" म्हटलं. वहिनींनी दोनलाच उचललं, मी तीनला. दादा तिरपे झाले. "आकड्यांनी माणूस उचलत नसतात, भावोजी. जय खंडेराया म्हणा. लाजताय काय, इथं ऐकायला कोण बसलंय?" मी नाव घेतलं. दादा सरळ वर सरकले. यांना बरं कर, असं मागत नाही का, मी एकदा विचारलं. "मागून झालं. आता म्हणते, ही चादर उचलण्यापुरतं बळ दे. तेवढं तो रोज देतो." मला वाटे, बळ बाईंच्या मनगटात, श्रेय मात्र देवाला.

त्या गेल्यावर मुलगा पुण्याहून आला. दादांच्या पाठीवर लाल चट्टा दिसू लागला होता. आम्ही दोघांनी चादर धरली, त्याने "वन, टू, थ्री" म्हटलं; दादा पोत्यासारखे जड. पुन्हा तेच. "काका, आई कशी करायची हो हे?" त्याने विचारलं. मी घसा खाकरून "जय खंडेराया" म्हटलं... आणि दादांचा डावा गुडघा दुमडला, टाच गादीत रुतली, ते वर सरकले. म्हणजे इतके दिवस त्या नावाला दादाही जोर लावत होते. वहिनींना हे ठाऊक होतं का, ते विचारायचं राहून गेलं.

चट्टा आता फिकटला आहे. मी काही भाविक झालेलो नाही. पण दोन्ही वेळा जातो आणि नाव मोठ्याने घेतो. परवा मी चादरीला हात लावायच्या आतच दादांनी टाच रोवलेली होती.