हळदी चेहरा आणि एकच डोळा

गंगाधर सरांनी काढलेल्या माझ्या चित्राला किती खर्च आला, असं लोक विचारतात. हिशेब सोपा आहे. माझ्या नऊ रविवारच्या दुपारी, सरांच्या घरची एक वेताची खुर्ची, आणि हिंगोली जिल्ह्यात हुबेहूब चेहरा काढणारा मी एकटाच, हा माझा जुना समज. खुर्ची दुरुस्त झाली.

सरांची पहिली भेट वसमतच्या स्टँडजवळ झाली. मी शिडीवर चढून कापसाच्या बियाण्याची जाहिरात रंगवत होतो. खाली एक सडपातळ गृहस्थ मान वर करून उभे. म्हणाले, "अक्षरं सुरेख आहेत. पण बैल घाबरलेला दिसतो."

मी म्हणालो, "शिडीवर मी हाय सर. बैल काहून भिईल?"

सर खळखळून हसले आणि मला घरी चहाला घेऊन गेले. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या या माणसाच्या भिंतीवर निळ्या म्हशी आणि चौकोनी बायका होत्या. मनात म्हटलं, यांना काढता येत नाही. तेवढ्यात त्यांनी बोलता बोलता कप धरलेला माझा हात चार रेघांत काढला. त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखू लागलं ते अजून थांबलेलं नाही. सरांच्या अमृतमहोत्सवाच्या या अंकात खोटं कशाला लिहू?

पुढे फ्लेक्सची मशिनं आली आणि आम्ही ब्रशवाले बसून राहिलो. मी दुकानाच्या पायरीवर बसे, ओळखीचे लोक नजर चुकवून जात. तेव्हा सरांचा निरोप आला, "रविवारी या, तुमचं चित्र काढायचं आहे. माझी नड आहे." माझ्याकडे कोणी बघत नव्हतं त्या दिवसांत सरांनी नऊ रविवार माझ्याकडे बघितलं. सरांचे उपकार असे, की घेणाऱ्याला वाटावं आपणच त्यांच्यावर केले.

चित्र झालं. हळदीसारखा पिवळा चेहरा, पपईएवढा कान आणि एकच डोळा; दुसऱ्याच्या जागी नुसता पिवळा पट्टा. सरांनी ते चार दिवस माझ्या घरी ठेवायला दिलं. माझी बायको शांता तव्यावरची भाकरी टाकून उठली. "अगं बया, तुमीच की! रस्त्यावरचं समदं ऐकून घेता ना, त्योच ह्यो कान!"

तिचं चित्र मी फोटोवर चौकटी आखून, महिनाभर खपून काढलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "बाई देखणी हाय. कोन हाय?"

मला राहवलं नाही. रंग घेतले आणि सरांनी सोडलेला दुसरा डोळा पुरा करून टाकला. पापण्या, बुबुळ, बुबुळात चमक. सर आले, चष्मा पुसून बघत राहिले. "डोळा उत्तम जमलाय. कुणाचा आहे?"

मी नीट बघितलं. भिंतींवर पुढारी रंगवून रंगवून हाताला एकच डोळा बसला होता. तोच मी माझ्या तोंडावर बसवला होता.

सर रागावले नाहीत. माझ्या हातात दाढीची पत्ती देऊन म्हणाले, "शेषराव, तुम्हीच खरवडा." खरवडताना खालचा पिवळाही निघाला, करडा ओरखडा राहिला. मी म्हणालो, "सर, वाटोळं झालं." ते म्हणाले, "राहू द्या. तिथं तुमचा हात लागलाय, तो दिसू द्या."

नांदेडच्या प्रदर्शनात जाणकार नेमके त्या ओरखड्यापुढे थांबत. मी मागे उभा राहून सगळं ऐकलं. सर प्रत्येकाला सांगत, "तो भाग शेषराव पेंटरांचा." एकानेही खरं मानलं नाही. उलट म्हणाले, केवढा हा विनय! आता सांगा, अशा माणसाचा हेवा करायचा नाही तर कुणाचा?

या अंकाची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा समितीपुढे मी छाती ठोकून बोललो, "मुखपृष्ठाला सरांचं चित्र माझं. फोटो नको, चौकटी नकोत. सर तर मला तोंडपाठ आहेत." सर आनंदाने समोर बसले. पाठ दुखत असतानाही सात रविवार बसले. मधे एकदाच विचारलं, "जमतंय ना?"

"बराबर चाललंय सर, हलू नका."

ते हलले नाहीत.

सरांच्या पाठीला आराम पडो, हात असाच चालत राहो, नजर अशीच राहो. त्यांनी शंभरी बघावी आणि मला त्यांच्यावर जळायला आणखी पंचवीस वर्षं मिळावीत, एवढंच मागणं आहे.

मुखपृष्ठावर सरांचा फोटो छापला आहे.