एका फेरीला एकच दालन

यंदा माघात बाबा गेले. चैत्र लागला, दारचा कडुनिंब फुलला, आणि हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या घरात बसल्या बसल्या मला सारखं वाटू लागलं की म्युझियमला जायची वेळ झाली.

तो बाबांचा कुळाचार होता. उभा जन्म वकिलीत गेलेला हा माणूस देवळात सहसा जात नसे, पण पाडवा झाला की नदीकाठच्या जुन्या म्युझियममध्ये जायचंच. त्यांच्या मते हाच खरा मोसम. थंडीतले पाहुणे परतलेले असतात, शाळांच्या परीक्षा चालू असतात, आणि बाहेर ऊन तापलं तरी आतल्या जाड भिंती गार असतात.

नियम दोन. एका फेरीला एकच दालन बघायचं. "पंगतीत सगळंच एकदम पानात घेतलं तर चव कशाची लागणार?" आणि दालन पाहुण्याने निवडायचं, यजमानाने कधीच नाही. तिथलं वाजणारं घड्याळ मात्र दालनात धरत नसत. ते पानातल्या मिठासारखं सगळ्यांना. तास भरत आला की त्याच्यासमोर गर्दी जमे, आतून छोटासा दाढीवाला बाहुला येई, घंटा ठोके, आणि बाबा दर खेपेला "वाह!" म्हणत, जणू त्या बापड्याला आज पहिल्यांदाच जमलं.

पाहुणे नेहमी घुंगटातल्या बाईच्या संगमरवरी पुतळ्याचं दालन निवडत. बाबांनी तिला इतक्यांदा पाहिलं होतं की आता तिनेच घुंगट वर करून 'बसा, चहा घेणार?' विचारावं, असं मी म्हणत असे. पाहुणे नसतील त्या वर्षी बाबा मला पाहुणी ठरवत. मी हस्तलिखितं निवडायची. बाबा मुकाट्याने मागून यायचे.

मग ती वर्षं आली. गल्लीवर केबलच्या तारा लोंबू लागल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ उघडले, आणि पुण्याची मुलं कॉम्प्युटरवर काम करायला हैदराबादेत येऊ लागली. त्यांतल्याच एकाचं स्थळ मला आलं. चिक्कडपल्लीत भाड्याच्या खोलीत राहायचा. आधी एकदा तो एकटाच घरी येऊन गेला होता. बाबा पाणी आणायला आत गेले तेवढ्यात त्याने माझ्या कपाटातलं पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या वाचत राहिला. बाबा पेला घेऊन समोर उभे राहिले तरी त्याला कळलं नाही. माझ्यापुरतं लग्न तिथेच ठरलं. आता उरली होती त्याची आई. ती पुण्याहून मला बघायला येणार होती.

अडचण पोह्यांची होती. आई मी शाळेत असतानाच गेलेली. बाबांच्या पोह्यांचा गोळा होई, माझ्या पोह्यांचा भुगा.

"बेटा," बाबा म्हणाले, "घरी बोलावलं तर पोहे करावे लागतील. त्यांना म्युझियमलाच बोलावू."

कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पाण्याची बाटली, अशा त्या मुलाला घेऊन फाटकाशी उतरल्या. "आम्ही मुलगी बघायला आलोय की वस्तू?"

"दोन्ही बघा की," बाबा म्हणाले. "फिकीर करू नका, तिकिटं काढलीत."

"दोन तासांत सगळं होईल ना? संध्याकाळची गाडी आहे."

"सगळं नाही. एकच दालन. तुम्ही निवडा."

"एकच? अहो, पुण्यात आम्ही एका सकाळी चार कामं उरकतो."

"इथे आम्ही चार सकाळी एक. पण निवांत."

त्याच्या आई घुंगटातल्या बाईचं नाव काढणार एवढ्यात मुलगा म्हणाला, "काका, तुम्हाला काय बघायचंय?"

बाबा चपापले. "मला? मी यजमान आहे."

"मीही आता इथलाच की. आज यजमान मी. तुम्ही पाहुणे."

बाबांना हे कुणी कधीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. खाऊ मागणाऱ्या पोरासारखे ते हळूच म्हणाले, "चिनी मातीची भांडी."

"घरची भांडी आवरून आले," त्या म्हणाल्या, "ती इथे भांडी बघायला!"

पण दालनात त्यांचंच पाऊल अडलं, एका फिकट हिरव्या बशीपाशी. बाबांनी सांगितलं की विषारी अन्न वाढलं तर ही बशी तडकते म्हणे.

त्या माझ्याकडे वळल्या. "काय गं, स्वयंपाक येतो?"

"थोडा."

"मग ही बशी मागून घ्यायला हवी. सुनेनं वाढलं की लगेच कळेल."

मी फारसं बोलणारी नव्हे. त्या दिवशी कसं कोण जाणे, तोंडून निघून गेलं, "आधी सासूबाईंच्या आमटीवर तपासून घेऊ."

बाबा एका फुलदाणीकडे असे टक लावून बघू लागले, जणू आजच विकत घ्यायची आहे. माझं लग्न त्या काचेच्या कपाटासमोर मोडलं, याबद्दल मला शंका उरली नाही.

"सासूबाई म्हणालीस," त्या सावकाश म्हणाल्या. "मी अजून होकार दिलेला नाही." मग तोंडाला पदर लावून हसल्या. "आणि माझी आमटी नको गं, फार तिखट असते. खरंच तडकेल."

होकार बाहेर आल्यावर, इराण्याच्या चहाबरोबर मिळाला.

आता सासूबाई आमच्याकडेच असतात. परवा आम्ही तिघं म्युझियमला गेलो. तिकिटं काढून नवऱ्याने सवयीने विचारलं, "आज पाहुणा कोण?" लग्नापासून पाहुणे नेहमी बाबाच; आम्ही तिघंही यजमान. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "पाहुणे आले नाहीत म्हणून काय झालं? त्यांच्याच दालनात जाऊ."

बशीसमोर त्यांनी चष्मा पुसला, वाकून वाकून पाहिलं. "अजून तडकली नाही गं."

"कुणाची आमटी वाढून बघायची?" मी विचारलं.

"तुझीच. माझी झेपायची नाही तिला." एवढं बोलून त्यांनी माझा दंड धरला, तो सोडला नाही.

बाहेर लोकांची लगबग ऐकू आली. तास भरत आला होता. आम्हीही निघालो, त्यांच्या गुडघ्यांना जमेल तितक्या घाईने. दाढीवाला वेळेवर आला, घंटा ठोकून आत गेला.

"वाह!" सासूबाई म्हणाल्या.