कार्डावरची लाल पट्टी

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुमच्यापैकी धाकटीने विचारलं, "आजी, तू दवाखान्यात नक्की काय करायचीस?" आणि तुमच्या आईने पटकन तुमच्याकडच्या थंडीचा विषय काढला. तुम्ही दोघं आता कॉलेजात आहात, हे ऐकण्याइतके मोठे झाला आहात. तुमची आई मात्र अजून अवघडते, म्हणून लिहूनच कळवते. दवाखान्यातल्या नोंदींमुळे इंग्रजीत लिहिणं माझ्या हाताच्या सवयीचं आहे, पण यातलं एकही बोलणं इंग्रजीत झालेलं नाही, म्हणून मराठीतच लिहिते.

मी अमरावतीतल्या एका दवाखान्यात समुपदेशक होते. तिथे गरोदर बायकांची एचआयव्हीची आणि सिफिलिसची तपासणी होते. बोटाला सुई एकदाच टोचायची, तपासण्या दोन. सुईच्या आधी आणि निकालानंतर त्यांच्याशी बोलणं हे माझं काम. सिफिलिस निघाला तर इंजेक्शनने बरा होतो. एचआयव्ही बरा होत नाही, पण आईने रोज गोळ्या घेतल्या आणि जन्मल्याबरोबर बाळाला औषध मिळालं, तर बाळाला लागण होण्याची भीती फार थोडी उरते. हे सांगायला मला मनापासून आवडायचं. खाली मान घालून बसलेली बाई इथे पहिल्यांदा वर बघायची.

माझी नीटनेटकेपणाची हौस तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांना एचआयव्हीची लागण होती त्यांच्या तपासणी कार्डाच्या कोपऱ्यावर मी लाल पट्टी चिकटवायला लागले. बाळंतपणाच्या खोलीतल्या नर्सला कार्ड बघताच कळावं, बाळाचं औषध विसरू नये, एवढाच हेतू. पट्टी मी मोजून, सरळ कापून लावायचे. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

कार्ड बाईच्या हातात असतं आणि बाई बाकावर दहा जणींत बसते, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

वलगावची एक मुलगी होती. बाविशीची, पहिलटकरीण. निकाल कळल्यावर तिने नवऱ्यालाही आणून तपासून घेतलं. दोघांच्या गोळ्या सुरू झाल्या. सासरी, माहेरी कोणालाच सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि तो त्यांचा हक्क होता. एकदा माझ्या दारातून मला बाकावरचं बोलणं ऐकू आलं. शेजारची बाई तिला विचारत होती, "काहून वं, तुह्या कार्डाले लाल पट्टी? मले तं नाई लावली."

"मले रक्त कमी हाय न," ती म्हणाली.

"बाप्पा! रक्त तं माह्यंही कमी हाय."

हे ऐकूनही मी जागची उठले नाही. पुढच्या तारखेला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सातवा महिना लागला होता. वलगावात घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंनी सांगितलं, पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी अकोल्याला गेली आहे.

मी फोन केला. "मी दवाखान्यातली मॅडम बोलते."

ती मोठ्याने म्हणाली, "हो मावशी, बोला न! माय बसली हाय इथंच."

अशी मी तिची मावशी झाले. माझंही माहेर अकोल्याचं. अमरावतीत ओळख झालेल्या मावशीला भेटायचं म्हणून तिने आईला सांगितलं आणि मला तिथल्या दवाखान्याच्या आवारात बोलावलं. आई नंबर लावायला रांगेत उभी, आम्ही दोघी कडुनिंबाखाली.

"गोळ्या?" मी विचारलं.

"एक दिवस नाई चुकली. चार उरल्या हायेत."

"आणि कार्ड?"

"चुलीत टाकलं. दुसरं साधं काढलं इथं." आणि मग माझ्याकडे रोखून म्हणाली, "मॅडम, तुमी माह्या कार्डाले कुंकू लावून देल्लं. माह्या वहिनीले वाचता येत नाई, पण रंग तं दिसते न."

चार दिवसांनी गोळ्या संपणार होत्या. अकोल्यात कोणाला काही माहीत नव्हतं, म्हणजे बाळ जन्मलं तर त्याला औषध कोण देणार?

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "पट्टी आजपासून बंद. कोणाच्याच कार्डावर नाही. इथे आत खरं काय ते सांगशील का?"

"तुमी संगं येता का?"

"येते."

"मंग सांगतो. पण मायले मावशीच सांगजा, नाही तं ती तुमालेच नंबर लावाले धाडीन."

आम्ही दोघी हसलो. तिथल्या समुपदेशक बाईंच्या खोलीत गेलो. गोळ्या त्याच दिवशी मिळाल्या. बाळाच्या औषधाची सूचना दवाखान्यातच राहणाऱ्या कागदावर, आतल्या पानावर लिहिली गेली. नर्सला जे कळायला हवं ते नर्सपाशी, बाईच्या हातात काही नाही. किती सोपं होतं! बाहेर तिच्या आईने मला आग्रहाने चहा पाजला आणि माझ्या माहेरची चौकशी केली. मी खरी उत्तरं दिली.

अमरावतीला परत येऊन मी पट्टीवाली सगळी कार्डं एकेक करून बदलली आणि प्रत्येकीची माफी मागितली. एक जण म्हणाली, "मी तं कवाच खरडून काढली होती, मॅडम." बाळंतपणाच्या खोलीतल्या नर्सना आतलं पान उघडायची सवय लागायला महिना गेला.

तिला मुलगी झाली. बाळाला पहिल्याच दिवशी औषध मिळालं. दीड वर्षाची शेवटची तपासणी अमरावतीत माझ्यासमोर झाली आणि त्यात लागण नव्हती. निकाल ऐकून तिच्या नवऱ्याने पोरीला खांद्यावर घेतलं आणि तो आवारात दोन चकरा मारून आला.

मी निवृत्त झाले. ती मुलगी आता वलगावच्या शाळेत जाते, तिचे आईवडील रोज गोळ्या घेतात, आणि आमच्या दवाखान्यात आजही कोणाच्या कार्डावर काही चिकटवत नाहीत.