तिसऱ्या कडव्याच्या आधी

इंजिनरूममध्ये आग लागली, एक माणूस गेला, एवढं केतकीने तिच्या फोनवर वाचलं आणि फोन टेबलावर पालथा घातला. कोण गेला ते लिहिलेलं नव्हतं. बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या बायकोने मुंबईहून घरच्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं होतं, आणि त्याच्याखाली लगेच कुणीतरी लिहिलं होतं की कंपनी नाव सांगत नाहीये, आधी त्याच्या घरी फोन जाईल, मग बाकीच्यांना कळेल. सुहास माझा मुलगा, त्या बोटीवर सेकंड इंजिनिअर. इंजिनरूम हीच त्याची जागा. केतकी माझी सून. इकडे परदेशात, सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटमध्ये, त्या शनिवारी दुपारी आम्ही दोघीच होतो. नात पोहायच्या क्लासला गेली होती.

कंपनीकडे सुहासच्या घरचा म्हणून जो नंबर आहे तो माझा. पोरगा पहिल्यांदा बोटीवर चढला तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा दिलेला. पुढे बदलायचं निघालं होतं, पण केतकी वन-नॉर्थच्या ऑफिसात मीटिंगमध्ये फोन मुका करून बसते, मी काय घरातच असते, म्हणून मीच म्हटलं की राहू दे माझाच. बोटवाल्यांच्या घरांत बहुतेक असंच असतं. बायको येते, मुलं होतात, नंबर आईचाच राहतो. तेव्हा फोन आला असता तर माझ्या फोनवर आला असता. तो तिथेच पडला होता, अर्धवट चिरलेल्या दुधीच्या शेजारी. वाजला तर सुहास गेला. नाही वाजला तर दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा गेला.

भीती म्हटलं की छाती धडधडते असं लोक लिहितात. माझी धडधडली नाही. माझे हात थंड पडले, आणि नाकाला सगळं जास्त कळायला लागलं. शेजारच्या घरातली लसणीची फोडणी, दांडीवर वाळणाऱ्या कपड्यांचा साबणाचा वास, खाली झाडांवरून येणारा ओल्या मातीचा दमट वास. आभाळ भरून आलं होतं, इथे रोज दुपारी येतं तसं. उजेड पिवळट होऊन भिंतीवर चढत गेला आणि मग एकदम विझला. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की जो बारीक आवाज होतो तो झाला, तेव्हा केतकीने टेबलाची कड धरली. कुणीतरी दुसऱ्याच दाराशी गेलं. दाराच्या आवाजाला भ्यायचं काही कारण नव्हतं, बातमी दारातून येणार नव्हती, पण भीतीला एवढं कळत नाही.

केतकी उठली, देवापुढे निरांजन लावलं आणि तिथेच मांडी घालून बसली. मला देवाशी बोलायला काही सुचेना. त्याच्याकडे काय मागायचं? माझा ठेव म्हणजे दुसऱ्याचा ने, असंच ते मागणं झालं असतं. मी फोन उचलला. पडदा काळा. बटण दाबलं, उजेड आला, परत काळा झाला. हा फोन जुना आहे, कधीकधी आपला आपण मरून पडतो आणि मला संध्याकाळी कळतं. आज तो मेलेला असला आणि मी त्याच्या गप्प बसण्यालाच चांगली बातमी समजत राहिले तर? हा विचार आल्यावर मला बसवेना. म्हणून मी त्यावर गाणं लावलं.

केतकीने मान वळवून बघितलं. "आई, आत्ता? गाणं?"

"फोन जिवंत आहे की नाही कळायला नको?"

ती परत निरांजनाकडे वळली. मी ते गाणं का निवडलं म्हणाल तर माझ्या फोनवर तेवढंच एक आहे. सुहासनेच घालून ठेवलेलं.

गेल्या सुट्टीत त्याने मला, केतकीला आणि ईशाला, म्हणजे माझ्या नातीला, बुओना व्हिस्टाला एका गिटारवाल्याला ऐकायला नेलं होतं. दुकानाच्या वरची एक खोली, मांडलेल्या खुर्च्या, कॉफीचा आणि गार केलेल्या हवेचा वास. बोटीवर एका गोऱ्या चीफ इंजिनिअरने सुहासला ह्या संगीताचा नाद लावला. ब्लूग्रास म्हणतात त्याला. अमेरिकेतल्या डोंगरातल्या लोकांचं आहे, सगळी तारांची वाद्यं. ढोलकी नाही, तबला नाही, ताल वाजवणाऱ्याने आपल्या हातातूनच काढायचा. गिटारवाला मात्र इथलाच, चिनी, पन्नाशीचा, जाड भिंगाचा चष्मा, बाह्या दुमडलेला पांढरा सदरा; रस्त्यात भेटला असता तर मी त्याला पोस्टातला कारकून समजले असते. तो खुर्चीवर बसला, गिटारीच्या दांडीवर एक चिमटा घट्ट केला, नखाएवढी पट्टी बोटांत धरली आणि कुणाकडे न बघता सुरू झाला.

गाणं त्या डोंगरातलंच, जुनं, कुणी रचलं कुणाला ठाऊक नाही. सुहासने मला आधी अर्थ सांगून ठेवला होता. नदीला पूर आलाय. एक बाई काठावर उभी राहून पलीकडच्या माणसाला ओरडून सांगतेय की आज पाण्यात उतरू नकोस. तो उतरतो. पुढे काय झालं ते गाण्यात नाही. हे ऐकल्यावर मला वाटलं, आता हा गळा काढणार. आपल्याकडे असं गाणं असतं तर गाणाऱ्याने डोळे मिटून एकेक शब्द तासभर पिळला असता. ह्याने ते पळवलं. आवाज कोरडा, तोंडावरची माशी हलणार नाही असा चेहरा, आणि उजवा हात मनगटातून खाली-वर, खाली-वर, इतका झपाझप की पट्टी दिसेना, तरी प्रत्येक सूर सुटा. निवडून वाळवलेले तांदूळ परातीत ओतावेत तसे सूर पडत होते, एकाला एक चिकटलेला नाही. एकदा त्याने चाल सरळ वाजवून दाखवली, आणि मग तिला इतक्या बाजूंनी वळवली की ती हरवली असं वाटावं आणि आतून तीच ऐकू यावी. दोन कडव्यांच्या मध्ये तो गात नव्हता, तिथे फक्त हात धावत होता, आणि त्या धावण्यात ते पाणी होतं. बाईचं ओरडणं त्याने गळ्यातून काढलंच नाही. तारांतून काढलं.

ईशा माझ्या कानाशी येऊन इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, धिस अंकल प्लेइंग सो फास्ट, स्टिल नॉट स्माइलिंग लाह."

"हसायला काय झालंय? माणूस बुडतोय तिथे," मी म्हटलं. सुहास इतका हसला की पुढच्या खुर्चीवरच्या बाईने वळून बघितलं.

मला तो गिटारवाला फार आवडला, आणि मला सहसा कुणी आवडत नाही. घरी येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, मी सुहासला सांगितलं की ह्याच्यासारखं आमच्याकडे लावणीत गायचे. लावणी म्हणजे भाताची. राजापूरच्या बाजूला माझं माहेर. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी चिखलात उतरले. बायका ओळीने वाकलेल्या, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने रोप खोचायचं आणि एक पाऊल मागे जायचं, आणि सगळं गाण्याच्या ठेक्यावर. एका वर्षी शेवंता नावाच्या बाईचं मूल गेलं होतं, आणि दिवस सरल्यावर ती ओळीत येऊन उभी राहिली आणि गाणं तिनेच उचललं. मुलाला निजवायचं गाणं होतं ते. कुणी रडलं नाही. रडायला थांबलं की हात थांबतो आणि ओळ मोडते. तिचा हात थांबला नाही, आवाजही हलला नाही, आणि मी तिच्या शेजारी वाकलेली असल्याने मला ते सगळं जवळून दिसलं. ह्या चिनी माणसाचं तसंच आहे, मी सुहासला म्हटलं, ह्याला भीती म्हणून नाही. सुहासने तेच गाणं कुठूनतरी त्या माणसानेच वाजवलेलं, चित्रासकट, शोधलं आणि माझ्या फोनवर घालून दिलं. मग तो बोटीवर गेला.

आता त्या दुपारी तेच गाणं दुधीच्या शेजारी वाजत होतं आणि मी ते ऐकत नव्हते, राखत होते. फोन आला की गाणं तुटतं, हे मला माहीत होतं. म्हणजे जोवर हा माणूस वाजवतोय तोवर सुहास आहे. असं काही नसतं हेही मला माहीत होतं. जे व्हायचं ते सकाळीच कधीतरी, भर समुद्रात होऊन गेलेलं होतं. पण पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि मी प्रत्येक सुराच्या पुढच्या सुराची वाट बघत राहिले. पाऊस आला. इथला पाऊस सांगून येत नाही, वरून कुणी पिंप उपडं करावं तसा येतो. मी खिडक्या लावायला उठले नाही.

तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी गाणं तुटलं आणि फोन वाजला.

केतकीचा जो आवाज निघाला तो मी परत ऐकायला तयार नाही. मी पडद्याकडे बघितलं. खालच्या मजल्यावरची नलू.

"अगं, तुझ्याकडे कढीपत्ता आहे का? पावसात खाली कुठे जाऊ?"

"नलू, फोन ठेव."

"अशी काय बोलतेस? एक काडी दिलीस तर झाड मरणार आहे का तुझं?"

"ठेव म्हणते ना!"

तिने ठेवला, आणि बहुतेक आठवडाभर बोलायचं नाही असं ठरवूनच ठेवला. केतकी देवापासून उठून माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. फोनचा पडदा पुन्हा काळा झाला. मग तीच म्हणाली, "आई, परत लावा. पहिल्यापासून."

मी परत लावलं. ते संपलं, पुन्हा लावलं. किती वेळा ते मी मोजलं नाही. पाऊस ओसरला, खालच्या गटारातून पाणी धावल्याचा आवाज यायला लागला, भिंतीवर परत थोडा उजेड आला. ईशाला क्लासहून आणायची वेळ होऊन गेली तसं केतकीने पोरीच्या मैत्रिणीच्या आईला कळवलं की हिला तुमच्याकडेच ठेवा. तिला तेवढं कसं सुचलं कोण जाणे. माझं डोकं चालत नव्हतं. आणि मग गाणं पुन्हा तुटलं. ह्या वेळी पडद्यावर नाव नव्हतं, नुसता लांबलचक नंबर होता, कुठल्या देशाचा ते कळेना असा.

"तुमचा आहे," केतकी म्हणाली. "तुम्ही घ्या."

मी घेतला. आधी नुसती खरखर. मग पाण्याखालून आल्यासारखा आवाज.

"आई, मी."

मी फोन कानाशी दाबून धरला.

"आई, ऐकू येतंय का? मी सुहास. हात भाजलाय थोडा. थोडाच. केतकी आहे ना तिथे?"

"आहे," मी म्हटलं. "थोडा म्हणजे किती?"

"डावा. पट्टी केलीय." मग खरखर, मग परत तो. "आई, सेल्वम गेला. आमचा फिटर. माझ्या पुढेच होता गं."

मी फोन केतकीला दिला. ती बोलली की रडली मला ठाऊक नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि हात त्याखाली धरून उभी राहिले. सुटले, हे पहिलं मनात आलं. सेल्वम दुसरा आला. हाच क्रम होता, आणि तो वेगळा असता असं म्हणण्यात अर्थ नाही. कुठल्यातरी गावात एका बाईचा फोन त्याआधीच वाजून गेला होता, आणि तो नलूचा नव्हता.

सुहास घरी आला. हात बरा होतो आहे, दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. ते गाणं लागलं की तो उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये जातो, म्हणून मी तो ऑफिसात गेल्यावर लावते. सध्या त्याला कंपनीने इथल्याच ऑफिसात बसवलंय. पुन्हा बोटीवर जाणार का, हे मी विचारलेलं नाही. केतकीनेही विचारलेलं नाही. आम्ही दोघी ते एकमेकींतही बोलत नाही.

आता मी गाणं नुसतं ऐकत नाही, पडद्यावर त्या माणसाकडे बघतेही. इतक्या वेळा बघितल्यावर एक गोष्ट दिसली, जी त्या दिवशी खोलीत समोर बसूनही दिसली नव्हती. तिसऱ्या कडव्याच्या आधी, जिथे हात सगळ्यांत वेगाने धावायचा असतो, तिथे तो आवंढा गिळतो. गळ्याची घाटी वर जाते, खाली येते. चष्म्याआडून त्याची नजर आपल्याच डाव्या हाताकडे जाते, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे आणि आता चुकणार आहे. एवढं होतं, आणि हात धावायला लागतो. एकही सूर चिकटत नाही. मी सुहासला सांगितलं होतं की ह्याला भीती म्हणून नाही. तसं नाही ते. ह्याला प्रत्येक वेळी भीती वाटते, इतकी वर्षं वाजवून वाटते, आणि ती गेल्यावर वाजवू असं म्हणून तो थांबत नाही. ह्याचं मला काय करता येईल ते मला अजून कळलेलं नाही. माझा फोन वाजला की माझे हात अजून थंड पडतात, कढीपत्त्यासाठी वाजला तरी.

आग लागली तेव्हा इंजिनरूममध्ये चौघे होते. तिघे जगले. सुहास त्यांतला एक.