सुईताई आणि साडेपाचची फेरी

तिला सगळे सुईताई म्हणत. वीस वर्षं ती एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेत होती आणि तिच्या हाताला असा काही गुण होता की म्हातारी माणसं आधी फोन करून विचारत, "सुईताई आहेत का आज? नसतील तर उद्या येतो." ज्यांची शीर दिसत नाही, दिसली तर हाताखालून निसटते, अशांच्या दंडाला ती पट्टा बांधायची, दोन बोटांनी चाचपायची, आणि समोरचा डोळे घट्ट मिटून "टोचताय का?" असं विचारेपर्यंत तिची नळी भरलेली असायची. त्या उपनगरातल्या निम्म्या लोकांची साखर तिला तोंडपाठ होती. पण बाहेर ती एक अक्षर बोलायची नाही. जिन्यात किंवा बाजारात कोणी भेटलं तर नुसती मान हलवायची आणि पुढे जायची.

घरात ती, सासूबाई आणि मुलगा. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले सहा-सात दिवस घरी, बाकी फोनवर. मुलगा तेवीस वर्षांचा, दारातून जाताना मान वाकवावी लागेल इतका उंच. तो लहानपणापासून ओठ मिटून एका सुरात गुणगुणायचा, म्हणून सासूबाईंनी त्याला भुंगा म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. शब्द त्याच्यापाशी तीस-चाळीसच, त्यातले बरेचसे आजीसाठी राखून ठेवलेले. डॉक्टरांनी त्याच्या वागण्याला एक लांबलचक नाव दिलं होतं. ते नाव कळल्यामुळे घरातला एकही दिवस सोपा झाला नव्हता.

अठराव्या वर्षी त्याची खास शाळा संपली. शाळेत तोपर्यंतचीच सोय होती. त्यानंतर काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. भुंगा घरात बसला. दोन वर्षांत त्याचं वजन वीस किलोने वाढलं. दुपारी तो कपाटाची दारं उघडायचा आणि आपटायचा, उघडायचा आणि आपटायचा, शेवटी खालच्या मजल्यावरचे लोक वर यायचे. सासूबाईंनी एकदा त्याला अडवलं, तर त्याच्या नुसत्या धक्क्याने त्या पडल्या आणि मनगट मोडून घेतलं. त्याच रात्री फोन करून नणंदेने सांगितलं की आता त्याला कुठेतरी ठेवायचं बघा. सुईताईने फोन खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी भुंग्यासाठी चालायचे बूट घेऊन आली.

त्यांच्या इमारतीपासून सात मिनिटांवर तळं होतं. तसं काही फार मोठं नाही. सभोवती सपाट पायवाट, पाण्याच्या बाजूने कठडा, थोड्या थोड्या अंतरावर बाकं, आणि जादा पाणी जिथून बाहेर पडतं तिथे एक छोटा पूल. फाटकाजवळ नगरपालिकेचा फलक होता. त्यावर आई, बाबा, दोन मुलं आणि कुत्रा असं चित्र, आणि खाली लिहिलेलं: सहकुटुंब फिरण्यास योग्य. चढ नाही, पायऱ्या नाहीत. एक फेरी पाऊण तास.

भुंग्याला ती पाऊण तासाची फेरी पुरी करायला चार महिने लागले. पहिला आठवडा बूट पायात घालण्यातच गेला. मग तो जिना उतरला. मग फाटकापर्यंत आला आणि तिथे खाली बसला तो उठेचना. सुईताई त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहिली, लोक वळसा घालून जात राहिले. पुढच्या आठवड्यात ते पहिल्या बाकापर्यंत पोचले. बाकाच्या पाठीला त्याने हात लावला, आणि तो त्याचा नियमच झाला: प्रत्येक बाकाला हात, मगच पुढचं पाऊल. बाकावर कोणी बसलेलं असलं तरी. माणूस दचकायचा, सुईताई "माफ करा" म्हणायची, आणि दोघं पुढे जायचे. ज्या दिवशी ते पूर्ण फिरून पुन्हा फाटकाशी आले त्या दिवशी तिने नवऱ्याला फोन लावला आणि तिला बोलताच येईना. पलीकडे त्याने घाबरून ट्रक कडेला घेतला.

त्यानंतर रोज साडेपाचला फेरी. चालून आलेला भुंगा पोटभर जेवायचा आणि झोपायचा. कपाटाची दारं जागच्या जागी राहिली. वर्षभरात वजनही उतरलं. फक्त एक गोष्ट होती. पुलावर आला की तो कठडा धरायचा आणि पाण्याकडे बघून पोटातून आरोळी ठोकायचा. "होऽऽऽ!" समोरच्या पंपघराच्या भिंतीवर आपटून ती परत यायची. ती ऐकून तो खदाखदा हसायचा, टाळ्या पिटायचा आणि शहाण्यासारखा चालू लागायचा. दिवसातून एकदा, फार तर दोनदा.

तळ्यावर फिरणाऱ्यांचं एक मंडळ होतं. अध्यक्ष होते एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे सरच म्हणत. माणूस वाईट नव्हता. बाकं रंगवून घेतली ती त्यांनी, पुलावरची मोडकी फळी बदलून घेतली तीही त्यांनीच. एका संध्याकाळी ते मंडळाच्या दोन बायकांना घेऊन सुईताईपाशी आले. बोलणं अगदी मऊ होतं. त्यांना तिच्याबद्दल किती आदर आहे, हे आधी सांगून झालं. मग लहान मुलं त्या आरोळीने दचकतात, एका आजीबाईंच्या छातीत धडधडतं, आणि हा केवढा थोराड, कोणाला काही लागलं-बिगलं तर, असं एकेक पुढे आलं. यायला कोणाची ना नाही, पण दुपारी एक ते तीन तळ्यावर चिटपाखरू नसतं, तेव्हा आलात तर तुम्हालाही मोकळं आणि आम्हालाही.

सुईताई दिवसभर उभी राहून दमलेली होती. समोरची माणसं ओरडत असती तर तिनेही आवाज चढवला असता, पण ते लोक हसून बोलत होते. ती "बरं" म्हणाली. घरी पोचेपर्यंत त्या एका शब्दाचा तिला भयंकर राग आला. पण शब्द गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून ती जेवणाच्या सुट्टीत लॅबमधून धावत घरी यायची आणि भुंग्याला भर उन्हात तळ्यावर न्यायची. बाकांच्या लोखंडी पाठी इतक्या तापलेल्या असायच्या की हात लावला की तो किंचाळायचा, आणि हात लावल्याशिवाय पुढे जायचा नाही. कशीबशी अर्धी फेरी व्हायची. आणि संध्याकाळी साडेपाचला तो पुन्हा बूट घालून दारापाशी उभा. आपण आज फिरून आलोय, हे त्याला पटतच नव्हतं. सुईताई समजावायची, सासूबाई समजावायच्या. तो स्वतःचं मनगट चावायचा. नवव्या दिवशी त्याने दारावर डोकं आपटलं, एकदा नाही, चार-पाच वेळा, आणि कपाळ फुटलं.

रोज दुसऱ्यांचं रक्त बघणाऱ्या बाईने मुलाच्या कपाळाला पट्टी बांधली आणि मग ती मोरीत जाऊन ओकली. बाहेर आली तेव्हा सासूबाई खुर्चीत बसून होत्या. दुपारच्या वेळेबद्दल त्या आतापर्यंत काही बोलल्या नव्हत्या.

"परवानगी मागायला तू गेली होतीस का त्यांच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"नाही. तेच आले होते."

"मग त्यांनी दिली काय आणि काढून घेतली काय. तळं काय त्यांच्या परसात आहे? उद्या साडेपाचला माझी काठी काढून ठेव. मीही येते."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तिघं निघाले. मधे भुंगा, कपाळावर पट्टी, एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला काठी टेकत आजी. फाटकापाशी सर भेटले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि आपलं दुपारचं ठरलं होतं ना, असं हळू आवाजात विचारलं.

"ठरलं होतं," सुईताई म्हणाली. "मी मोडलंय. माझं चुकलं, मी हो म्हणायलाच नको होतं. हा साडेपाचला येणार. उद्याही, आणि त्यानंतरही."

सरांनी लहान मुलांचा विषय काढला. ती म्हणाली की ज्या मुलाला भीती वाटते त्याला तिच्याकडे आणा, ती सांगेल हा कोण आहे आणि का ओरडतो. सर म्हणाले, प्रश्न एका मुलाचा नाही, सार्वजनिक जागेचा आहे, आणि असंच असेल तर मंडळाला नगरपालिकेकडे लेखी जावं लागेल. त्यावर ती म्हणाली की जरूर जा, त्याचं पूर्ण नाव, वय आणि त्याने कोणाला काय केलं ते सगळं लिहा, आणि खाली आईचंही नाव घाला. मग सासूबाईंनी सरांना काठीने जरा बाजूला व्हायची खूण केली, कारण भुंग्याला पहिलं बाक दिसलं होतं आणि तो थांबणाऱ्यातला नव्हता.

त्या संध्याकाळी पुलावर त्याने आरोळी ठोकली तेव्हा मागचे-पुढचे सगळे थांबून बघत राहिले. सुईताईला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. तरी ती कठड्याशी त्याच्याजवळ उभी राहिली, आणि रोज घाईने "चल, चल" म्हणायची ते त्या दिवशी म्हणाली नाही.

पुढचे दिवस सोपे नव्हते. काही आया मुलांना कडेवर उचलून उलट वळत. कोणीतरी मागून "दवाखान्यात ठेवायचं सोडून" असं तिला ऐकू जाईल इतपत आवाजात बोललं. लॅबमधल्या मैत्रिणीने सांगितलं की हट्ट सोड, रोज याच लोकांची तोंडं बघायची आहेत. सुईताई रात्री अंथरुणात मनाशी चार-चार उत्तरं रचायची आणि सकाळी त्यातलं एकही तोंडातून निघायचं नाही. पण साडेपाच वाजले की ती बूट पुढे ठेवायची.

आणि नेमकं त्याच आठवड्यात लॅबने तिला एका घरी नमुना घ्यायला पाठवलं. दार उघडलं सरांनीच. तीन दिवस ताप होता, अंगात त्राण नव्हतं. तिला बघून त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या कोणाला पाठवायला हवं होतं, असं ते पुटपुटले. तिने हात धुतले, हातमोजे चढवले आणि त्यांची बाही वर केली. दंड बारीक झालेला, शीर कुठे दिसत नव्हती. सरांनी मान भिंतीकडे वळवली होती आणि डोळे घट्ट मिटून घेतले होते. शाळाभर ज्यांचा दरारा होता त्या माणसाला सुईची भीती होती.

एका टोचण्यात तिचं काम झालं. तिला दोनदा टोचता आलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं, हे तिच्या मनात येऊन गेलं, हे तिने नंतर सासूबाईंजवळ कबूल केलं. कापसाचा बोळा दाबून धरायला सांगताना ती म्हणाली, "भीती वाटते त्यात लाज कसली. पण तुम्हाला भीती वाटते म्हणून मी सुई टाकून घरी जात नाही ना, सर?"

सर बोळा धरून बसून राहिले. ती नळीवर नाव लिहून निघून आली.

तक्रार मात्र आधीच गेली होती. नगरपालिकेची एक तरुण अधिकारी बाई वही घेऊन तळ्यावर आली. सुईताईने तिला दोनदा यायला लावलं. संध्याकाळी पुलावर भुंग्याची आरोळी ऐकवली, आणि मग सकाळी सातला पुन्हा या म्हणाली. सकाळी सातला मंडळाचा हसण्याचा व्यायाम असायचा. तीसेक माणसं गोल उभी राहून आकाशाकडे हात करून वीस मिनिटं ठो ठो हसत. कावळे उडायचे. अधिकारी बाईने ते बघितलं, मग सुईताईकडे बघितलं, आणि वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं.

"माझी काही तक्रार नाही," सुईताई म्हणाली. "हसू देत. फक्त दोन्ही आवाज लिहून घ्या."

पंधरा दिवसांनी पत्र आलं की तळं सर्वांसाठी खुलं आहे आणि वेळेचं बंधन कोणालाही घालता येत नाही. मंडळातल्या काहींनी आपली वेळ बदलली. सर बरे होऊन पुन्हा फिरू लागले. समोरून आले की ते मान किंचित हलवतात, तीही हलवते. ते तेवढंच आहे. त्यांनी माफी मागितली नाही आणि ती वाटही बघत नाही. तिचा राग पूर्ण गेलेला नाही. तो जावा असा तिचा प्रयत्नही नाही. त्या रागावरच आपण दिवसभर उभं राहून पुन्हा तळ्याला फेरी घालू शकतो, असं ती म्हणते.

गेल्या महिन्यात पलीकडच्या वसाहतीतला एक गृहस्थ तिला बाकापाशी भेटला. त्याची सतरा वर्षांची मुलगी चार वर्षं घराबाहेर पडली नव्हती. लोक काय म्हणतील, याची बायकोला धास्ती आहे, असं तो खाली बघत सांगत होता. गर्दी नसते अशी एखादी वेळ तुम्हाला माहीत असेल तर सांगा, म्हणाला.

"तशी वेळ आहे. पण ती मी तुम्हाला सांगणार नाही," सुईताई म्हणाली. "उद्या तिला माझ्याबरोबर आणा. म्हणायचं ते म्हणू देत लोकांना. आम्ही तिघं आहोत."

भुंगा तोवर पुढच्या बाकाजवळ पोचला होता. सासूबाई काठी उंचावून त्याला थांब म्हणत होत्या आणि तो अजिबात थांबत नव्हता. सुईताईने त्या माणसाला इमारतीचा नंबर सांगितला आणि त्या दोघांना गाठायला भराभर पावलं उचलली.