माझ्या हातापुरतं धनुष्य

बाबांचं बांबूचं धनुष्य भावाच्या घरात खुंटीवर आहे. बाईचा हात लागला की बाण चुकतो, असं आमच्या घरी म्हणत. धानाची राखण करायला मात्र बाईचा हात चालायचा. हा राग मी अजून जपून ठेवला आहे आणि तो सोडायचा माझा विचार नाही.

पुढे मी धानोऱ्याच्या बाजारात मोहफूल, चारोळी, हिरडा घेऊन बसले आणि त्यातूनच स्वतःचं दुकान उभं केलं. पोती उचलून उजवा खांदा गेला. तिथल्या मैदानावर सकाळी पोरी तिरंदाजी शिकतात, तिथे मीही जाऊ लागले. उसनं आणलेलं धनुष्य ओढून खांदा इतका धरला की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हलकं धनुष्य मिळालं तर खेळा. नाहीतर हे सोडा." सोडायचं माझ्या मनात नव्हतं. म्हणून चंद्रपूर गाठलं. भाऊ सोबत आला, न बोलावता.

तिथल्या खेळाच्या सामानाच्या दुकानदारानं टोकं पुढे वळलेली नव्या पद्धतीची धनुष्यं मांडली. भावानं त्यातलं सर्वांत उंच उचलून माझ्याशेजारी उभं धरलं. आमच्या गावी धनुष्य असंच निवडतात, जमिनीवर टेकवून माणसाच्या कपाळाशी मोजून.

"हे घे, बाई. ते बुटकं काऊन पाहून राह्यली? लेकराचं हाय ते."

"तुले घ्याचं हाय का मले?"

"लोकं हासतील ना."

"हासू दे. तू तर आतापासूनच हासून राह्यला."

दोन्हींची किंमत एकच निघाली आणि क्षणभर माझीही मती फिरली. उंच धनुष्याचा ताण, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, जास्त होता; त्याच पैशात तो मिळत असताना कमी का घ्यावा? बाजारात बसणाऱ्याचा हात भरल्या मापाकडेच जातो. मी ते उंच धनुष्य ओढलं, खांद्यातून कळ गेली, आणि ते खाली ठेवलं.

बुटक्या धनुष्यावर ताणाचा आकडा लिहिला होता. लिहिलेल्या आकड्यावर मी कधी विश्वास ठेवत नाही. पिशवीतून माल तोलायचा हुकाचा काटा काढला, दोरीत अडकवला, दुकानदाराला धनुष्याची मूठ धरायला लावली आणि माझ्या हनुवटीपर्यंत येते तेवढीच दोरी ओढली.

"भाऊ, माल कमी भरून राह्यला," मी दुकानदाराला म्हटलं.

दुकानदार हसला. "बाई, तो आकडा लांब हाताच्या माणसाचा हाय. तुमचा हात आखूड. दोरी कमी ओढल्या जाते, म्हणून ताणही कमी."

"मंग मले जेवढा ताण भेटते तेवढेच पैसे घे."

"अवो, धनुष्य तर पुरं देऊन राह्यलो ना!"

माझा आवाज चढला, त्याचाही चढला. भाऊ त्याला म्हणाला, "घरीही असंच करते." मग मी दोघांनाही फैलावर घेतलं. हाताला बांधायचा चामड्याचा पट्टा फुकट मिळाला तेव्हाच थांबले.

मुठीवरून मात्र वाद झाला नाही. उसन्या धनुष्याची जाड मूठ मी पोत्याचा कान धरावा तशी आवळत होते, मनगट थरथरायचं. ही मूठ लाकडाची, बारीक. "धरू नका, नुसती टेकवा," दुकानदार म्हणाला. ती अंगठ्याच्या बुडाशी जाऊन बसली आणि बोटं आपोआप सैल झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरामागच्या धानाच्या तणसाच्या ढिगावर बाण सोडले. पहिला ढिगाच्या कडेला लागला, पुढचे मधे. भाऊ चहाचं निमित्त काढून आला.

"मले दे एकडाव."

दिलं. त्याचा रुंद पंजा त्या मुठीवर मावेना. तरी त्यानं बाण सोडला, आणि तो ढिगात कुठे रुतला हे जवळ जाऊन पाहिलं.

"बुटकं हाय, पण सरळ जाते," तो म्हणाला.

याहून जास्त तो बोलणार नव्हता. मी त्याला चहा दिला, साखर जरा जास्त टाकून.

दुपारी दुकानात वरच्या फळीवरचा चारोळीचा डबा काढायला उजवा हात वर केला. खांदा काही बोलला नाही. मी आणखी एक डबा काढला, काम नसताना. मग समोरच्या गिऱ्हाइकानं दर कमी करायला सांगितलं, तेव्हा त्याच्याशी मजेत भांडायला बसले.